मॉन्ट्रियलची वही मॉन्ट्रियलला द्या: मेजर लीग बेसबॉलला खुलं पत्र

मा. आयुक्त रॉब मॅन्फ्रेड आणि मेजर लीग बेसबॉलच्या तीसही संघांचे मालक यांस,

स.न.वि.वि.

तीस संघांचे बत्तीस करायचा तुमचा विचार आता जगजाहीर आहे. जानेवारी २०२९मध्ये पद सोडण्याआधी दोन नवी शहरं निवडून ठेवायची, असं आयुक्तसाहेबांनी स्वतःच सांगितलं आहे. शहरं रांगेत उभी आहेत. त्या रांगेत कॅनडातलं आमचं मॉन्ट्रियल पहिलं असावं असं मला मनापासून वाटतं, पण हे पत्र त्यासाठी नाही. नवा संघ कुणाला द्यायचा ते तुम्ही तुमच्या हिशोबानं ठरवाल. मी मागते आहे ती जुनी गोष्ट आहे आणि ती आमचीच आहे: आमच्या एक्स्पोज या बेसबॉल संघाची १९६९ ते २००४ या छत्तीस हंगामांची वही.

२००४नंतर तो संघ वॉशिंग्टनला नेला गेला, म्हणून आज तुमच्या दफ्तरी ती वही वॉशिंग्टन नॅशनल्सच्या नावावर आहे. मॉन्ट्रियलमध्ये मारलेला प्रत्येक होम रन (बेसबॉलचा षटकारच म्हणा), इथली प्रत्येक जीत, इथल्या खेळाडूंचे सगळे विक्रम कागदोपत्री वॉशिंग्टनच्या संघाच्या इतिहासाची पहिली पानं झाली आहेत. ती पानं सोडवून आमच्या शहराच्या नावावर ठेवा, एवढंच मागणं आहे. संघ मिळो न मिळो.

मी हे मराठीत लिहिते आहे, कारण मन लावून लिहायचं तर मला मराठीतच येतं. माझी मुलगी याचं फ्रेंच आणि इंग्रजी करून तुमच्या न्यूयॉर्कच्या कार्यालयाला पाठवणार आहे. पण मूळ पत्र आपल्या माणसांनीही वाचावं असं वाटतं. शहराच्या नावावर संघ विकत घ्यायची आणि एके दिवशी तो नाहीसा व्हायची रीत आता आपल्याकडेही आली आहे. गहुंजेच्या मैदानावर पुण्याच्या नावाचे आयपीएलचे संघ आले आणि गेले, हे मराठी वाचकांना सांगायला नको.

मी सांगलीची, म्हणजे विजय हजारेंच्या गावची. लग्न होऊन १९७९च्या जानेवारीत मॉन्ट्रियलला आले. पार्क एक्स्टेन्शन भागात दोन खोल्यांचं घर होतं आणि शाबानेल रस्त्यावरच्या एका शिलाईच्या कारखान्यात मला मशीनवर काम मिळालं. फ्रेंचचं अक्षर येत नव्हतं. बर्फ वितळलं आणि एप्रिलमध्ये कारखान्यातला रेडिओ बदलला. गाणी बंद झाली आणि दुपारभर, कधी रात्रपाळीलाही, एका माणसाचा शांत, खालच्या पट्टीतला आवाज सुरू झाला. ते होते झाक दुसे. १९७२पासून २००४पर्यंत, म्हणजे संघ असेपर्यंत, त्यांनी एक्स्पोजच्या सामन्यांचं फ्रेंचमधून धावतं वर्णन केलं.

शब्द कळत नव्हते, पण चाल ओळखीची होती. वडिलांच्या ट्रान्झिस्टरवर मी बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत मोठी झाले होते. परक्या देशातून आलेला खेळ आपल्या भाषेत बोलू लागला की तो आपला होतो, हे मला तेव्हापासून माहीत होतं. आपण षटक म्हणतो, पायचीत म्हणतो, त्रिफळा उडाला म्हणतो, तसंच या लोकांनी बेसबॉलचं केलं होतं. होम रनला ते ‘सिर्क्वी’ म्हणत, पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, ‘लांसर’. हेलकावे खात, अजिबात न फिरता येणारा जो नकलबॉल असतो त्याला ‘बाल पापियों’, म्हणजे फुलपाखरू-चेंडू. शेजारच्या ओव्हरलॉक मशीनवरची बाई, जन्मानं इथलीच, कापडाच्या चिंधीवर खडूनं बेसचा चौकोन काढून मला एकेक शब्द समजावून द्यायची. माझं फ्रेंच असं आलं. आजही एखाद्या सरकारी कचेरीत मी बोलायला लागले की समोरचा माणूस विचारतो, फ्रेंच कुठे शिकलात? मी सांगते, रेडिओवर, बेसबॉल ऐकून.

त्या बाईनंच मला आधीच्या दहा वर्षांची गोष्ट सांगितली. तीही तुमच्यापुढे ठेवते, कारण तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा या धंद्यात नव्हते.

२७ मे १९६८ला शिकागोच्या बैठकीत नॅशनल लीगनं, म्हणजे मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एकीनं, दोन नवे संघ दिले, एक सॅन डिएगोला आणि एक आम्हाला. अमेरिकेबाहेर गेलेला हा मेजर लीगचा पहिला संघ. शहराचे नगरसेवक जेरी स्नायडर यांनी मागणी लावून धरली होती, पाठीशी महापौर झां द्रापो होते. विस्तार समितीचे प्रमुख वॉल्टर ओ’मॅली यांना हे शहर चांगलं ठाऊक होतं, कारण त्यांच्या मालकीच्या डॉजर्स संघाचा दुय्यम संघ, मॉन्ट्रियल रॉयल्स, इथंच खेळायचा. १९४६मध्ये जॅकी रॉबिन्सन याच रॉयल्सकडून खेळले. काळ्या खेळाडूला गोऱ्यांच्या संघात घ्यायचं धाडस करून पाहायला डॉजर्सनी आमचं शहर निवडलं होतं. हंगाम जिंकल्यावर इथल्या गर्दीनं त्यांना खांद्यावर घेतलं, आणि ते निघाले तेव्हा प्रेमानं रस्त्यावर त्यांच्या मागे धावली. म्हणजे मॉन्ट्रियलनं बेसबॉलसाठी काय केलं, हा हिशोब १९६९च्या आधीपासूनचा आहे.

प्रवेशशुल्क होतं एक कोटी डॉलर. आधी ठरलेला मुख्य गुंतवणूकदार मागे हटला आणि चार्ल्स ब्रॉन्फमन पुढे आले नसते तर सगळंच फिसकटलं असतं. मैदान नव्हतं. जारी पार्कात तीनेक हजार माणसांची गावठी गॅलरी होती. ती वाढवून काही महिन्यांत साडेअठ्ठावीस हजारांची केली. १४ एप्रिल १९६९ला घरचा पहिला सामना झाला, तेव्हा जमिनीतलं बर्फ नुकतंच वितळलेलं होतं, मैदान पायाखाली दबत होतं आणि घडीच्या खुर्च्या शेवटच्या घटकेला मांडल्या जात होत्या. लोक आले एकोणतीस हजारांवर. मॅक जोन्सनं कॅनडाच्या भूमीवरचा मेजर लीगचा पहिला होम रन मारला आणि एक्स्पोजनी सेंट लुईसला ८-७ असं हरवलं.

त्याआधी ८ एप्रिलला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर संघाचा पहिलावहिला सामना झाला होता. तोही ११-१० असा जिंकला. त्यात एक्स्पोजच्या इतिहासातला पहिला होम रन मारला तो डॅन मॅकगिन या पिचरनं. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर अकराव्या क्रमांकाच्या गोलंदाजानं संघाचा पहिला षटकार मारला. आणि नऊच दिवसांनी, १७ एप्रिलला, बिल स्टोनमननं फिलाडेल्फियाला एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, न देता सामना संपवला.

संघ बांधायचे नियम नवख्यांना कठीणच होते. जुन्या दहा संघांनी आपापले पंधरा चांगले खेळाडू झाकून ठेवले आणि उरलेल्यांतून नव्यांनी निवडायचं. त्यामुळे पहिल्या हंगामात ५२ जिंकले, ११० हरले. तरीही बारा लाखांवर लोक त्या छोट्या मैदानात येऊन गेले. लाल केसांचा रस्टी स्टॉब आपणहून फ्रेंच शिकला, पोरांशी त्यांच्या भाषेत बोलू लागला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘ल ग्रां ओरांज’. उजव्या बाजूच्या कुंपणापलीकडे सार्वजनिक पोहण्याचा तलाव होता, पिट्सबर्गच्या विली स्टार्जेलचे टोले तिथं जाऊन पडायचे. संध्याकाळी मावळता सूर्य थेट पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या डोळ्यांत यायचा आणि खेळ थांबवावा लागायचा. हे मी पाहिलेलं नाही. मी आले तेव्हा संघाला ऑलिम्पिक स्टेडियमवर जाऊन दोन वर्षं झाली होती. पण जारी पार्क माझ्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. जुन्या मैदानाच्या जागी आता टेनिसचं स्टेडियम आहे, आणि तरी इथली म्हातारी माणसं बोट दाखवून सांगतात, होम प्लेट तिथं होती.

माझा पहिलाच उन्हाळा १९७९चा, म्हणजे भाग्याचा. संघानं ९५ सामने जिंकले आणि पिट्सबर्गच्या मागे अवघ्या दोन सामन्यांनी राहिला. वीस लाखांहून जास्त लोक आले. पुढच्या चार वर्षांत आणखी तीन वेळा हा आकडा ओलांडला, १९८३ला तर तेवीस लाखांवर गेला. ‘मॉन्ट्रियलला बेसबॉल आवडत नव्हता’ हे वाक्य जो कुणी उच्चारतो, त्यानं आधी ही वर्षं बघावीत. यष्टिरक्षकासारखा होम प्लेटमागे गॅरी कार्टर, आउटफिल्डला आंद्रे डॉसन, मग बेस चोरणारा, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसवर पळणारा, टिम रेन्स. तिघेही आज हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या दालनात आहेत आणि तिघांच्याही ब्राँझच्या प्रतिमेवर टोपी एक्स्पोजची आहे.

१९ ऑक्टोबर १९८१चा सोमवार. नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा पाचवा सामना, दुपारचा. वर्ल्ड सिरीजपासून, म्हणजे विजेतेपदाच्या शेवटच्या मालिकेपासून, एक पाऊल दूर. आम्ही कामावर होतो. रेडिओ इस्त्रीच्या टेबलाजवळ ठेवलेला होता आणि मालकानं काही न बोलता त्याचा आवाज स्वतःच मोठा केला. १-१ अशी बरोबरी. नववी इनिंग, दोघे बाद. संघाचा सर्वांत भरवशाचा पिचर स्टीव्ह रॉजर्स त्या दिवशी मदतीला म्हणून आला होता. समोरच्या डॉजर्सच्या रिक मंडेनं त्याचा चेंडू मधल्या कुंपणापार पाठवला. २-१. दुसे यांचा आवाज क्षणभर थांबला, असं मला आठवतं, पण कदाचित आमच्या मशीनच एकदम थांबल्या असतील. माझ्या पायडलवरचा पाय कधी उचलला गेला ते कळलंच नाही. कापड सुईखाली तसंच राहिलं होतं. इस्त्रीवाला म्हातारा पोर्तुगीज वाफ सोडायची विसरला आणि एक बाही करपली. त्या दिवसाला इथं अजून ‘ब्लू मंडे’ म्हणतात. त्यानंतर एक्स्पोज कधीच प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी, खेळले नाहीत.

पण ते हरणं आम्ही पचवलं. रिक मंडे चांगला खेळला, आम्ही हरलो, विषय संपला. पुढं जे झालं ते मैदानावर झालेलं नाही, म्हणून ते पचत नाही.

१९९४. फेलिपे अलू मॅनेजर. मैदानावर त्यांचाच मुलगा मोइझेस, शिवाय लॅरी वॉकर, मार्किस ग्रिसम, केन हिल, जॉन वेटलँड आणि बावीस वर्षांचा पेड्रो मार्टिनेझ. पगाराचा खर्च लीगमधल्या सर्वांत कमी खर्चाच्या संघांत मोडणारा, आणि कामगिरी मात्र तीसही शहरांना हेवा वाटावा अशी. तेव्हा संघ अठ्ठावीसच होते, पण आजचे तीस धरले तरी मी हेच म्हणेन. १२ ऑगस्टला खेळाडूंचा संप सुरू झाला तेव्हा ७४ जिंकले होते, ४० हरले होते. अख्ख्या बेसबॉलमध्ये पहिला क्रमांक, अटलांटाच्या सहा सामने पुढे. माझी मुलगी अकरा वर्षांची होती. तिनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज निकाल लिहिला होता. १२ ऑगस्टनंतरचे चौकोन ती काही दिवस पेन्सिलीनं गोल करून ठेवत राहिली, संप मिटला की भरायला. १४ सप्टेंबरला वर्ल्ड सिरीजच रद्द झाली.

भांडण खेळाडूंचं आणि मालकांचं, दोघांचंही होतं, दोष एकट्या कुणाला देत नाही. पण पुढचा एप्रिल बघा. ब्रॉन्फमननी १९९१ला संघ स्थानिक भागीदारांना विकला होता, आणि ते भागीदार आणखी पैसा घालायला तयार नव्हते. उत्पन्न कॅनडाच्या डॉलरमध्ये, पगार अमेरिकेच्या. संप मिटल्यावर चार दिवसांत हिल, वेटलँड, ग्रिसम गेले आणि वॉकरला जाऊ दिलं. त्याच वर्षी अटलांटानं वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा शेवटचा झेल ग्रिसमच्या हातात होता. १९९६च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू वेटलँड. १९९७चा नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू वॉकर. ज्या घरानं ही माणसं घडवली त्या घरानं दूरचित्रवाणीवर हे बघितलं. आमच्या मालकांची चूक होतीच, ती मी लपवत नाही.

१९९९ला अमेरिकन कलाविक्रेते जेफ्री लोरिया मालक झाले. २००० साली इंग्रजीतून ना दूरचित्रवाणीवर सामने, ना रेडिओवर. गावाच्या मध्यात नवं मैदान बांधायची योजना बारगळली. लोक कमी होत गेले, २००१ला अख्ख्या हंगामात साडेसहा लाखांच्या आत. सामने दिसेनात, ऐकू येईनात, उत्तम खेळाडू दरवर्षी विकले जात. अशात कोणत्या शहरानं तिकिटं काढली असती? ६ नोव्हेंबर २००१ला मालकांनी २८ विरुद्ध २ मतांनी दोन संघ कायमचे बंद करायचं ठरवलं. नावं जाहीर केली नव्हती, पण एक आम्ही आणि दुसरा मिनेसोटा हे सगळ्यांना माहीत होतं. मिनेसोटाला तिथल्या न्यायालयानं वाचवलं, आणि त्यामुळे आम्हीही वाचलो.

मग २००२ला लीगनं लोरियांकडून एक्स्पोज बारा कोटी डॉलरला विकत घेतला. लोरियांनी फ्लोरिडाचा संघ घेतला आणि जाताना कर्मचारी, संगणक, खेळाडूंविषयीचे अहवाल सगळं बरोबर नेलं. म्हणजे आमच्या संघाचे मालक झाले उरलेले एकोणतीस संघ. ज्यांच्याविरुद्ध रोज खेळायचं तेच अन्नदाते. आयुक्तसाहेब, गल्लीतल्या स्पर्धेतही असं चालवून घेत नाहीत. आणि तरीही तो संघ खेळला. फ्रँक रॉबिन्सन यांच्या हाताखाली २००२ला ८३ सामने जिंकले, २००३ला पुन्हा ८३. व्लादिमीर गेरेरोनं २००२ला ३९ होम रन मारले आणि ४० बेस चोरले, चाळीस-चाळीसच्या मानाला एक होम रन कमी पडला. २००३ला घरच्या सामन्यांपैकी २२ तुम्ही पोर्तो रिकोत सान हुआनला नेलेत. त्याही परिस्थितीत ऑगस्टच्या अखेरीस संघ वाइल्ड कार्डच्या, म्हणजे गटात पहिला न येताही प्लेऑफ गाठायच्या, शर्यतीत बरोबरीनं आघाडीवर होता. सप्टेंबर उजाडला की प्रत्येक संघ दुय्यम संघांतून ताज्या दमाचे खेळाडू वर बोलावतो. आमच्या संघाला खर्चाचं कारण देऊन ती परवानगी मिळाली नाही. मला सगळ्यांत जास्त हेच लागलं आहे, १९९४पेक्षाही. मेलेल्या संघाला कुणी अशी परवानगी नाकारत नाही. तो संघ जिवंत होता.

२९ सप्टेंबर २००४ला संघ वॉशिंग्टनला जाणार हे जाहीर झालं, आणि त्याच संध्याकाळी घरचा शेवटचा सामना होता. मी आणि मुलगी पी-नफ मेट्रो स्टेशनवर उतरलो तेव्हा जिना माणसांनी भरलेला होता आणि कुणी बोलत नव्हतं. ३१,३९५ लोक. समोर फ्लोरिडा, लोरियांचाच संघ. ९-१ असे हरलो. सामना संपल्यावर कुणी जागेवरून उठेना. क्लोद रेमों, १९६९ सालीच या संघात आलेले क्युबेकचे पिचर, तेव्हा प्रशिक्षक होते. त्यांनी माइक हातात घेऊन फ्रेंचमध्ये निरोप घेतला. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी खिशातून सुरी काढून आपल्या खुर्चीवरचा क्रमांकाचा बिल्ला हळूहळू सोडवला आणि रुमालात गुंडाळला. ३ ऑक्टोबरला शेवटचा सामना झाला तो शे स्टेडियमवरच, जिथं पहिला झाला होता.

दोन वर्षांनी तुम्ही तो संघ पंचेचाळीस कोटींना विकलात. बारा कोटींची पंचेचाळीस झाली. पैशांबद्दल मी काही मागत नाही.

वॉशिंग्टनच्या लोकांवर माझा राग नाही. २०१९ला त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा मला आनंदच झाला. पण ती जीत ज्या वहीत लिहिली गेली तिचं पहिलं पान १९६९चं आहे, आणि तिथल्या कुणालाच ते पान आपलं वाटत नाही. त्यांना का म्हणून ते आपलं वाटावं? मॉन्ट्रियलनं कार्टरचा ८, रेन्सचा ३०, आणि स्टॉब व डॉसन या दोघांचा १० हे क्रमांक सन्मानानं निवृत्त केले होते. वॉशिंग्टनमध्ये ते पुन्हा वापरात आले. इथं ते क्रमांक आमच्या हॉकी संघाच्या स्टेडियमच्या छताला टांगलेले आहेत. दुसऱ्या खेळाच्या लोकांनी ते सांभाळले आहेत.

हे करता येत नाही असं कृपया सांगू नका. अमेरिकन फुटबॉलमध्ये १९९६ला क्लीव्हलँडचा संघ बाल्टिमोरला गेला तेव्हा नाव, रंग आणि सारा इतिहास क्लीव्हलँडलाच ठेवला होता. खेळाडू गेले, करार गेले, वही राहिली. १९९९ला तिथं नवा संघ आला आणि त्यानं तीच वही पुढं लिहायला घेतली. आम्हाला नवा संघ मिळाला तर आम्हीही तसंच करू. नाही मिळाला तर वही बंद असेल, पण आमच्या कपाटात असेल.

आणि आता जी दोन शहरं निवडाल, त्यांच्याकडून शुल्क घेताना हे कलम करारात आधीच लिहा: संघ कधी हललाच तर नाव आणि इतिहास शहराचा. आज त्या शहरांत कुणाच्या मनात हा विचार येणार नाही. १९६८ला आमच्याही आला नव्हता.

२७ मार्च २०१८ला टोरोंटो आणि सेंट लुईस यांचा सरावाचा सामना इथल्या ऑलिम्पिक स्टेडियमवर होता. नववी इनिंग, ०-०. फलंदाजीला आला व्लादिमीर गेरेरोचा मुलगा, जन्म मॉन्ट्रियलचाच, वय एकोणीस, पाठीवर बापाचाच २७. लहानपणी याच मैदानावर बापाशेजारी उभं राहून त्यानं एक्स्पोजच्या छोट्या पोशाखात टोपी उंचावली होती. त्यानं होम रन मारला आणि सामना तिथंच संपला. आम्ही सगळे उभे होतो. माझी मुलगी ओरडत होती, सिर्क्वी, सिर्क्वी, आणि मीही. सरावाचा सामना असल्यामुळे तो होम रन कुठल्याच वहीत नाही.

तेव्हा सुरुवात ८, १० आणि ३० या तीन आकड्यांपासून करा. उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
पार्क एक्स्टेन्शन, मॉन्ट्रियल इथली एक प्रेक्षक